मुहूर्तावर अक्षता पडाव्यात म्हणून: गावाकडच्या लग्नाचा बंदोबस्त

पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीसचा असतो आणि अक्षता पडतात पावणेदोनला. मधल्या सत्तर मिनिटांत परण्या, म्हणजे नवरदेवाची वाजतगाजत मांडवाकडे येणारी मिरवणूक, चौकात अडकलेला असतो, माइकवर सोसायटीच्या माजी व्हाईस चेअरमनचं स्वागत चाललेलं असतं, स्टेजवर चाळीस माणसं चढलेली असतात आणि मागच्या खुर्च्यांवरची पोरं अक्षता एकमेकांच्या डोक्यात घालून संपवून टाकतात. मग कुणीतरी म्हणतं, लोक बिघडले. पण हीच माणसं सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला मांडी घालून तीन तास बसतात. वारीत समाजआरतीच्या वेळी चोपदाराने हातातला दंड वर केला की हजारोंचा जमाव गप्प होतो. फरक एवढाच की तिथे चोपदार असतो. लग्नात नवरीचा बाप हात जोडून फाटकात उभा असतो, भाऊ गॅसची टाकी आणायला गेलेला असतो आणि मांडव ज्याचा आवाज मोठा त्याच्या ताब्यात जातो.

म्हणून खाली दिलेलं सगळं मुख्यतः कामं वाटून देण्याबद्दल आहे. हिशेब सातशे पानांच्या, दुपारच्या मुहूर्ताच्या, पुणे–अहिल्यानगर–सातारा पट्ट्यातल्या लग्नाचा धरला आहे. तुमच्याकडे परण्याला दुसरं नाव असेल, हळदीची वेळ वेगळी असेल. आकडे त्याप्रमाणे बदलून घ्या.

याद करतानाच लिहून घ्या

बैठकीत सुपारी फुटते, याद होते म्हणजे ठरलेल्या गोष्टींची यादी लिहिली जाते, तेव्हा दोन्हीकडची वजनदार माणसं समोरासमोर असतात. ही संधी परत येत नाही. मानपान आणि कपड्यांच्या यादीखालीच (हुंड्याचा आकडा तिथे लिहिणं १९६१ पासून गुन्हा आहे, हे जाता जाता) आणखी सहा ओळी लिहा: परण्या किती वाजता निघेल, वाजंत्री कोणती, मांडवात भाषणं-सत्कार होणार की नाही, मंगलाष्टका किती म्हणायच्या, जेवण कधी सुरू होईल आणि या सगळ्यावर दोन्हीकडून शब्द कोणाचा चालेल. दोन्ही व्याह्यांनी आणि दोन्ही मामांनी सही करायची. मामांची सही हसण्यावारी नेऊ नका. लग्नाच्या दिवशी बापाला कोणीही गुंडाळतं, मामाला सहसा नाही.

पत्रिका छापायला जाण्याआधी हे झालं पाहिजे. नंतर काहीही बदलायचं म्हटलं की "आता आम्ही सगळ्यांना सांगून बसलोय" हे उत्तर ठरलेलं असतं.

मग पाच कामांना पाच माणसं नेमा: वेळ, परण्या, माइक, मांडव, पंगत. माणूस निवडताना नात्याचा अंदाज नीट घ्यावा लागतो. जावयाला काम सांगू नका. त्याचा मान सांभाळायलाच एक माणूस लागतो. नवरा-नवरीचे सख्खे भाऊ नकोत, त्यांना दर पाच मिनिटांनी फोटोसाठी हाक येते. आत्याची, मावशीची मुलं, वय तीस ते पंचेचाळीस, लग्न झालेली, गावात ऊठबस असलेली, अशी माणसं सगळ्यात चांगली चालतात. मांडवाची जबाबदारी मात्र एका बाईकडे हवीच, कारण पुढच्या दोन रांगांत बसलेल्या आत्या-काकूंना उठवून म्हाताऱ्यांना जागा करून देणं पुरुषाच्या आवाक्यातलं नाही. आणि प्रत्येकाला एकच काम. "तू सगळीकडे लक्ष ठेव" असं ज्याला सांगितलं जातं तो कुठेच सापडत नाही.

वेळ शेवटाकडून मोजा

इथे सर्वांत जास्त लग्नं चुकतात. मुहूर्त ही मंगलाष्टका सुरू करायची वेळ नव्हे. शेवटचं "सावधान" होऊन अंतरपाट बाजूला होतो आणि हार पडतात, तो क्षण बारा पस्तीसला यायला हवा. म्हणून मागे मोजत जायचं.

एक मंगलाष्टक सुरात म्हणायला सव्वा ते दीड मिनिट लागतं. पाच म्हटली तर सात मिनिटं. म्हणजे पहिलं मंगलाष्टक १२:२८ ला. अंतरपाट धरून, अक्षता वाटून, लोक उभे राहायला पाच मिनिटं, म्हणजे १२:२३ ला मामाने नवरी आणलेली असली पाहिजे. नवरदेव त्याआधी, १२:१५ ला जागेवर. मांडवाच्या दारात ओवाळणं, भाकरीचा तुकडा उतरवणं आणि नवरदेवाचे कपडे बदलणं यात वीस मिनिटं जातात. म्हणून परण्या ११:५५ ला दारात. नाचत जाणारा परण्या तासाला तीनशे-चारशे मीटरच सरकतो, त्यापेक्षा जास्त धरू नका. मारुतीच्या देवळापासून मांडव चारशे मीटर असेल, तर १०:४० ला निघायला हवं. आता नवऱ्याकडची गाडी किती वाजता पोचायला हवी ते बघा: हात-पाय धुणं, चहा-नाश्ता, कपडे हे धरून ९:१५. दोन तासांचा प्रवास असेल तर गाडी सातला हलली पाहिजे, आणि सातला हलायची असेल तर लोकांना सव्वासहा सांगायचं.

उशिराची पहिली जागा हीच गाडी. दुसरी, नवरीची तयारी. साडी, केस, मेकअप मिळून तीन तास धरा. मेकअप करणारीला नऊला बोलावलं असेल तर ती येते कधी हे आदल्या रात्री फोन करून विचारा, आणि नवरीची खोली मांडवाला लागून असेल असं बघा. खोली वाड्यात आणि मांडव शाळेच्या पटांगणात असला की नवरीला आणताना वाटेत चार ठिकाणी व्हिडिओवाला थांबवतो. तिसरी जागा म्हणजे वाजंत्र्यांचा चहा. तो परण्याआधी देऊन टाका.

लोक उशिरा येतात म्हणून पत्रिकेत अर्धा तास आधीचा मुहूर्त छापण्याची युक्ती आता सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे तो अर्धा तास वजा करूनच निघतात. खरी वेळ छापा आणि खाली एक ओळ टाका: "अक्षता मुहूर्तावरच पडतील." आणि मग खरोखर पाडा. पहिल्या लग्नात निम्मे लोक चुकतील, त्याच भावकीतल्या पुढच्या लग्नाला वेळेवर येतील.

परण्या

वाजंत्र्यांना सुपारी (आगाऊ रक्कम) देतानाच चार गोष्टी ठरवा: किती वाजता सुरू, किती वाजता बंद, वाटेत थांबायच्या जागा किती (चारशे मीटरला तीन पुरे: देऊळ, चौक, मांडवाचं दार) आणि उरलेले पैसे कधी. उरलेले पैसे परण्या वेळेत दारात आला तर लगेच, हे आधी बोललं की संबळवाला स्वतःच पुढे चालायला लागतो. नाहीतर त्याचं गणित वेगळं असतं. नाचणारे नोटा ओवाळतात, त्या त्याच्या असतात. जितका परण्या लांबेल तितक्या नोटा जास्त. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. घरून हजार-दोन हजार रुपये जास्त कबूल करा आणि नोटा ओवाळायच्या तर मांडवाच्या दारातच, असं सांगा.

दारूचा प्रश्न सगळ्यांना दिसतो आणि कोणी काढत नाही. "पोरांची सोय" म्हणून घरातून जे पैसे काढून दिले जातात ते बंद करणं एवढंच यजमानाच्या हातात असतं, आणि त्याने निम्मा प्रश्न सुटतो. उरलेल्या निम्म्यासाठी: परण्याआधी मित्रमंडळींना पोटभर नाश्ता, पोहे नव्हेत तर भाजी-चपाती किंवा मिसळ, गाड्यांच्या चाव्या एका माणसाकडे, आणि नवरदेवाचे दोन चुलते पुढे, दोन मागे. पिऊन आलेल्याला रस्त्यात सुनावू नका. त्याला ऐकणारे चाळीस जण असतात म्हणून तो मागे हटत नाही. त्याच्याच वयाच्या मित्राने खांद्यावर हात टाकून बाजूला चहाला न्यायचं, हे जास्त वेळा साधतं. बायका-मुली नाचत असतील तर त्यांच्याभोवती घरातल्या बायकांचं कडं असावं, आणि मोबाइल घेऊन पुढे उभे राहणारे जे नात्यातले नाहीत त्यांना परण्याच्या माणसाने सरळ हटवावं. तिथे भीड ठेवू नये.

घोडा असेल तर फटाक्यांची लड त्याच्यापासून पन्नास मीटरच्या आत लावायची नाही, आणि हे घोडेवाल्यासमोर फटाकेवाल्याला सांगायचं. बुजलेला घोडा आधी नवरदेवाला पाडतो आणि मग गर्दीत शिरतो. रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवा. दोर धरून दोघे चालले तरी पुरतं. दवाखान्यासमोर आणि मयताच्या घरासमोर वाद्य बंद. मयताचं भान ठेवण्याची रीत जुनीच आहे. आता माणूस नेमून पाळावी लागते, इतकंच.

डीजेबद्दल वाद घालण्यापेक्षा हिशेब मांडावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातला जो आकडा कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे गावठाणात ६५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते; अर्ज आठवडाभर आधी पोलीस ठाण्यात द्यावा. आता मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. डीजेच्या भिंतीपासून दहा मीटरवर १०० डेसिबल असेल तर वीसवर ९४, चाळीसवर ८८, ऐंशीवर ८२, एकशेसाठ मीटरवर ७६. ६५ वर यायला अर्ध्या किलोमीटरहून थोडं जास्त अंतर हवं, आणि ते मोकळं रान धरून. गावठाणातल्या बोळात दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात. थोडक्यात, नियमात बसणारा डीजे गावठाणात वाजवताच येत नाही. ज्या घरात बाळंतीण आहे किंवा हृदयाचा रुग्ण आहे त्या घराला हे गणित मांडावं लागत नाही. शिवाय डीजेच्या गाडीवरचा लोखंडी सांगाडा आणि वरून गेलेली विजेची तार हा धोका वेगळाच. गाडी कितीही छोटी असली तरी रस्त्यावरची सर्वांत खालची तार आधी वायरमनला घेऊन बघितल्याशिवाय गाडी हलवू नये. सनई-चौघडा, हलगी, संबळ, लेझीम, ब्रास बँड यातलं काहीही घेतलं तरी नाच होतो. हलगी तर जास्तच नाचवते.

माइक

मांडवातला सगळ्यात धोकादायक माणूस म्हणजे माइक हातात असलेला हौशी निवेदक. त्याचं काम मोजून बघा. "आपल्या लग्नसमारंभास आवर्जून उपस्थित असलेले…" पासून पदांसकट एक नाव घ्यायला आठ सेकंद. एकशेवीस नावं म्हणजे सोळा मिनिटं. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो मिळून एका सत्काराला सव्वा मिनिट. बारा सत्कार, पंधरा मिनिटं. तीन जणांचे "दोन शब्द" म्हणजे आणखी पंधरा. पाऊण तास इथेच गेला, आणि वधू-वर अजून समोर आलेले नाहीत.

नावं कमी करून हा प्रश्न सुटत नाही. उलट वाढतो. एक नाव घेतलं की न घेतलेलं प्रत्येक नाव अपमान होतो. म्हणून निवेदकाच्या हातात चिठ्ठ्या येत राहतात, आणि आधी विसरलेल्या नावासाठी दिलगिरी, मग त्या दिलगिरीत विसरलेलं आणखी एक. रुसून न जेवता गेलेले पाहुणे बहुतेक याच यादीतले असतात. एकही नाव घेतलं नाही तर कोणीच रुसत नाही. सरपंचाचं नाही, आमदाराचं नाही, कारखान्याच्या चेअरमनचं नाही. यजमानाच्या वतीने एकदाच: "आलेल्या सर्व पाहुण्यांचं दोन्ही परिवारांकडून मनापासून स्वागत. मुहूर्त बारा पस्तीसचा आहे. अक्षता झाल्यावर लगेच पंगत बसेल." पंधरा सेकंद.

हे अमलात आणायला माइकच्या माणसाने स्पीकरवाल्याशी सकाळीच बोलावं. मांडवात दोनच माइक: एक भटजींच्या उपरण्याला लावलेला, एक हातातला. हातातला माइक माइकच्या माणसाकडेच राहील. बिनवायरचा असेल तर वापर झाला की बंद करून खिशात. स्टँडवर ठेवलेला माइक म्हणजे उघडं दार. स्पीकरवाल्याला एक खूण ठरवून द्या. कोणी माइक घेतलाच तर खूण झाली की आवाज हळूहळू खाली. एकदम बंद केला तर भांडण होतं. हळू उतरला तर बोलणारा स्वतःच "मशीनला काय झालं" म्हणत थांबतो.

नेत्यांची गोष्ट वेगळी हाताळावी लागते, कारण मंगलाष्टका चालू असताना साहेब आले की अर्धा मांडव उठून तोंड फिरवतो. त्यांना एका दिवसात आठ-दहा लग्नं असतात. त्यांनाही सुटका हवी असते. आदल्या दिवशी त्यांच्या स्वीय सहायकाला फोन करून सरळ सांगा: "साहेबांनी यावं, पण मुहूर्त बारा पस्तीसचा आहे. एक ते दोनच्या दरम्यान आले तर वधू-वर समोर असतील, आशीर्वाद आणि फोटो लगेच होईल. भाषणं ठेवलेली नाहीत, कोणाचीच नाहीत." "कोणाचीच नाहीत" हे शब्द महत्त्वाचे; विरोधी गटाचा बोलणार आणि आपण नाही, ही शंका तिथेच मिटते. तरीही ऐन वेळी आले तर मांडव सांभाळणाऱ्या बाईने बाजूने आणून पहिल्या रांगेतल्या राखीव दोन खुर्च्यांवर बसवावं. भटजी थांबणार नाहीत, हे भटजींनाही सांगून ठेवलेलं असावं.

हाच रोग दशक्रियेला लागला आहे. घाटावर प्रवचन झालं की श्रद्धांजलीची रांग लागते आणि घरचे लोक उन्हात पिंडाजवळ ताटकळतात. तिथेही तोडगा हाच आहे: प्रवचनकारांनीच शेवटी सर्वांच्या वतीने श्रद्धांजली वाहायची आणि माइक बंद करायचा.

अक्षता आणि स्टेज

चिमूटभर अक्षता म्हणजे पाच ग्रॅम. सातशे माणसांना साडेतीन किलो, चार धरा. प्रत्यक्षात पंधरा-वीस किलो तांदूळ रंगवला जातो आणि पायाखाली तुडवला जातो. चार किलो तांदळाला आठ चमचे हळद किंवा चांगलं कुंकू आणि चार चमचे तूप किंवा तेल, हाताने चोळून सावलीत वाळवायचं. ओला राहिला तर गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्याच लोकांच्या डोळ्याला लागतात. बाजारचा भडक रंग वापरला तर पांढऱ्या सदऱ्यांवर डाग पडतो आणि तो तांदूळ पाखरांनाही घालता येत नाही.

वाटायची वेळ सगळ्यात महत्त्वाची. दारातच अक्षता दिल्या की मुहूर्तापर्यंत निम्म्या संपतात. १२:२५ ला, परातीतून, सहा जणींनी, सहा वाटांनी. तीन मिनिटांत वाटून होतात. कागदाचे पुडे करू नका, कचरा दुप्पट होतो. मागच्यांनी टाकलेल्या अक्षता वधू-वरांपर्यंत कधीच जात नाहीत, त्या पुढच्यांच्या मानेत जातात. म्हणून सांगायचं की आपल्या जागेवरून हळू वर टाका. हवं तर अक्षता गोळा करून दोन परातींतून पुढे न्याव्यात आणि घरच्यांनी सर्वांच्या वतीने टाकाव्यात. हे जिथे करतात तिथे मांडव झाडायला दहा मिनिटं लागतात. फुलांच्या पाकळ्या हा पर्याय दिसतो छान, पण ओल्या पाकळीवरून घसरून पडतात ते आजी-आजोबा.

मुहूर्ताला स्टेजवर कोण, हे मोजून ठरवा: वधू-वर, आई-वडील चार, मामा दोन, करवल्या दोन, अंतरपाट धरणारे दोन, भटजी, कॅमेरे दोन. पंधरा. पायरीवर एक माणूस उभा करा, आणि तो नवऱ्याकडचा हवा, कारण वर चढायला धडपडणारे बहुतेक नवऱ्याकडचे असतात आणि नवरीकडच्याने अडवलं तर तो मान-अपमान होतो. ड्रमवर फळ्या टाकून केलेल्या स्टेजवर पन्नास जण चढले की फळी सरकते.

फोटोग्राफरशी आगाऊ रक्कम देण्याआधीच बोलून घ्या. एक फोटोवाला, एक व्हिडिओवाला. मंगलाष्टका चालू असताना दोघेही अंतरपाटाच्या रेषेत कडेला, म्हणजे समोर बसलेल्यांना पाठी दिसणार नाहीत. मधल्या वाटेत क्रेन नको. ड्रोन मांडवाच्या आत नको. आणि भटजींना "थांबा", वधू-वरांना "परत एकदा हार घाला" असं म्हणायचं नाही, हे शब्दशः सांगा, कारण ते म्हणतातच. हार घालताना नवरदेवाला मित्रांनी उचलायचं, मग नवरीला भावांनी, ही चढाओढ कमरेवर पडून संपते. मामांना सांगून ठेवा, ते हात आडवा घालतील.

स्वतः रचलेल्या, सिनेमाच्या चालीवरच्या मंगलाष्टका हौसेने म्हटल्या जातात. एक चालेल. तीन आत्या तीन वह्या घेऊन उभ्या राहिल्या की वीस मिनिटं गेली. कोण म्हणणार ते एकच नाव याद करताना ठरलेलं असावं. मराठीत, थोडक्यात आणि अर्थ कळेल असे विधी कोणाला हवे असतील तर त्यासाठी नवं काही शोधायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तेव्हापासून ती पद्धत आहे, मराठी मंगलाष्टकांसकट.

पंगत, आणि भेटायला येणारे

पंगतीला एकावेळी दोनशेचाळीस पानं बसवली आणि उठणं-झाडणं धरून एका पंगतीला अर्धा तास लागला, तर सातशे लोक तीन पंगतींत, दीड तासात जेवतात. बारा पानांमागे एक वाढपी, म्हणजे वीस. बुफे असेल तर टेबलाच्या एका बाजूने मिनिटाला तीन माणसं सरकतात. दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल अशी चार टेबलं लावली तर अर्ध्या तासात गर्दी निघते, दोनच लावली तर तासभर ढकलाढकली. बुफेतला धक्काबुक्कीचा प्रश्न जवळजवळ पूर्णपणे टेबलांच्या संख्येचा आहे.

जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचा गिऱ्हाईक उभा राहणं, हे सगळ्यात ओंगळ दृश्य. दाराला दोर, दोराशी पंगतीचा माणूस. दोनशेचाळीस झाले की दोर बंद, आणि बाहेर सावलीत बसायला खुर्च्या आणि मठ्ठा. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या आणि लांबून आलेले पहिल्या पंगतीला. अन्न वाया जायचं मोठं कारण म्हणजे पहिल्याच वाढपात चार जिलेब्या पानात पडणं. एक वाढा आणि तीनदा फिरा. आग्रह गोडाचा करावा, भाताचा नको. पाणी उन्हाळ्यात माणशी दीड लिटर, म्हणजे वीस लिटरचे बावन्न-पंचावन्न जार. छोट्या बाटल्या दिल्या की निम्म्या अर्ध्या भरलेल्या फेकल्या जातात. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पत्रावळी घ्या.

अडीचशे कुटुंबं स्टेजवर येऊन वीस-वीस सेकंद फोटोला उभी राहिली की त्र्याऐंशी मिनिटं होतात, आणि वधू-वर सकाळपासून उपाशी. त्यापेक्षा दोघांनी पंगतीत फिरून सगळ्यांना नमस्कार करावा. अर्ध्या तासात होतं आणि जेवणारे खूश होतात. स्टेजवरच भेटायचं असेल तर डावीकडून वर, उजवीकडून खाली, आणि दोन वाजता वधू-वरांच्या जेवणाला पाऊण तास सुट्टी. आहेर न घेण्याचं छापलं असेल तर खरोखर घेऊ नका. टॉवेल-टोपीची गाठोडी एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरतात, नेसत-घालत कोणी नाही. पाकिटं घेत असाल तर वही लिहिणारा एक, पिशवी सांभाळणारा दुसरा.

ओवाळायला, हळद लावायला विधवा काकू किंवा आजीला बोलवायचं की नाही, यावरून ऐन वेळी कुजबुज होते. ठरवून, घरातल्या मोठ्या बाईने त्यांचा हात धरून पहिल्यांदा पुढे आणावं; कुजबुज तिथे थांबते.

एका घराने सुरुवात करण्यापेक्षा

एकट्या घराने डीजे नाकारला की "पैसे नव्हते" म्हणतात. भावकीने किंवा गावाने ठरवलं की कोणी म्हणत नाही. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तसं परिपत्रक काढलं. गावाचा ठराव कुठवर जातो याचं हे उदाहरण. २०२५ साली मराठा समाजाच्या बैठकांमधून लग्नासाठी आचारसंहिता पुढे आली, त्यात डीजेऐवजी पारंपरिक वाद्यं आणि पाहुण्यांची मर्यादा असे मुद्दे होते. ठराव करताना मात्र मोजता येतील अशाच गोष्टी लिहा. "साधेपणाने लग्न करावे" हा ठराव कोणालाच मोडता येत नाही, म्हणून तो कोणी पाळतही नाही. "परण्या बारा वाजता बंद", "मांडवात भाषण-सत्कार नाहीत", "गावठाणात डीजेला प्रवेश नाही" असं लिहा आणि पहिलं लग्न गावातल्या सर्वांत ऐपतदार घरातलं निवडा. गरिबाच्या लग्नापासून सुरुवात केली की तो नियम गरिबांचा होऊन बसतो.

शेवटची दोन कामं संध्याकाळची. वाजंत्री, मांडववाला, आचारी यांचे उरलेले पैसे पाठवणीआधी एका माणसाने चुकते करावेत. रडारडीच्या वेळी हिशेबाला उभे राहणारे लोक बघणं कोणालाच बरं वाटत नाही. आणि उरलेलं अन्न शिजल्यापासून चार तासांच्या आत, गरम असतानाच, वस्तीवर किंवा वसतिगृहात पोचलं पाहिजे. कुठे द्यायचं ते आदल्या दिवशीच ठरवा आणि तीन वाजता टेम्पो दाराशी उभा ठेवा. पाच वाजता फोनाफोनी सुरू केली तर भात आंबलेला असतो.